फाल्गुनातला एक दिवस, घरच्यांसोबत बाहेर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडी सरलेली असते आणि उन्हाळा पुरता लागलेला नसतो, अशा मधल्या तीन-चार आठवड्यांत महाराष्ट्रात घराबाहेर राहण्यासारखं सुख नाही. पावसाळी सहली सगळेच काढतात, हुरड्यालाही आवर्जून जातात. फाल्गुन मात्र मुलांच्या परीक्षा, मार्चअखेरीची कामं आणि लग्नसराईत निसटून जातो. लहानथोर सगळ्यांना घेऊन निघणाऱ्या घरांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

नेमकं कधी जायचं?

फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा आणि मार्चचे पहिले आठ-दहा दिवस. पंचांगात वसंत ऋतू चैत्र-वैशाखाचा, पण देशावरची झाडं तोवर थांबत नाहीत. वसंत पंचमीच्या सुमारास काटेसावर कळ्यांनी लगडते, महाशिवरात्र झाली की पळस पेटतो. चैत्र लागला की दुपारी बाहेर बसवत नाही. आदल्या वर्षात अधिक महिना येऊन गेला असेल तर होळी मार्चच्या अखेरीकडे सरकते. अशा वर्षी होळीची वाट बघू नका, सरळ तारीख बघा.

पुण्या-साताऱ्याकडे या दिवसांत पहाटे पारा १२ ते १५ अंशांच्या आसपास असतो आणि दुपारी ३२-३४ वर जातो. हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र असल्याने जमीन रात्री लवकर निवते आणि दिवसा लवकर तापते. त्यामुळे एकाच दिवशी सकाळी स्वेटर आणि दुपारी टोपी, दोन्ही लागतात. विदर्भातली दुपार याहून कडक. कोकणात आणि मुंबईत सगळा भरवसा वाऱ्यावर. दुपारी समुद्रावरून वारा वेळेवर सुटला तर दिवस छान जातो. पूर्वेकडून येणारा जमिनीवरचा वारा जोर धरून राहिला की खारा वारा उशिरा येतो आणि अंगाची लाही होते. २०२५ च्या फेब्रुवारीअखेरीस मुंबई-ठाण्याच्या पट्ट्याला हवामान खात्याने उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला होता. त्याआधी २०२३ चा फेब्रुवारी देशाच्या सरासरी कमाल तापमानात १९०१ पासूनचा सर्वांत तापलेला ठरला. म्हणजे ‘फेब्रुवारी आहे, काही होत नाही’ हे आता म्हणता येत नाही. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी अंदाज बघा आणि पारा फार चढणार असेल तर बेत आठवडाभर पुढे-मागे करा.

सकाळी किती वाजता निघायचं?

सूर्य उगवायच्या आधी. या दिवसांत तो पावणेसात ते सातच्या दरम्यान वर येतो. आठला तुम्ही झाडाखाली पोचलेले असलात की हाताशी तीन तास मोकळे मिळतात, आणि पाखरंही त्याच वेळात सगळ्यात जास्त दिसतात. दहाला निघणारं कुटुंब बाराला पोचतं, जेवतं, घामेजतं आणि परत फिरतं. तशा सहलीत कुणालाच काही मिळत नाही.

लांब जावं की जवळ?

जवळ. घरापासून तासाभराच्या आत. माझं यावर ठाम मत आहे. आजी-आजोबा आणि चार-पाच वर्षांची मुलं बरोबर असताना तीन तासांचा प्रवास म्हणजे दिवसाचा उत्तम भाग गाडीत घालवणं. फाल्गुनात सुंदर दिसणाऱ्या गोष्टी गावाबाहेर पडलं की सुरू होतात. त्यासाठी प्रसिद्ध ठिकाण गाठायची गरज नाही.

सगळ्यात चांगली जागा म्हणजे ओळखीच्या कुणाचं तरी शेत. विहीर असते, बांधावर आंबा-चिंच असते, घरातल्या बायकांना आडोसा आणि सोय मिळते, आणि मुलांना मोकळं सोडता येतं. मामाचं गाव, आत्याचं सासर, ऑफिसातल्या कुणाचा वाडवडिलांचा तुकडा... विचारून बघा, लोक आनंदाने हो म्हणतात.

शेत नसेल तर काही जागा सांगतो. पुणेकरांनी सकाळची वेताळ टेकडी धरावी. एखाद्या दिवशी जरा लांब जायची तयारी असेल तर बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. ते लहानसं आहे, पण उघड्या माळावर चिंकारा दिसतात, आणि मोरगावचा गणपती जवळच असल्याने आजी-आजोबांचं दर्शनही होतं. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला रोहित पक्षी आणि पट्टकादंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस) मार्चच्या सुरुवातीपर्यंत असतात. स्थानिक मच्छीमार होड्यांतून नेतात. ते पुण्याहून शंभरेक किलोमीटर आहे, तेव्हा लहान बाळ असेल तर पुन्हा विचार करा. मुंबईकरांना बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे काटेसावर, पांगारा, पळस तिन्ही या दिवसांत फुललेले सापडतात. सोमवारी ते बंद असतं. नाशिककरांना नांदूर मध्यमेश्वर, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र (जागतिक महत्त्वाची म्हणून नोंदलेली पाणथळ जागा), २०२० मध्ये जाहीर झालेलं. मराठवाड्यात पैठणचा नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय. विदर्भातल्या लोकांना मी काय सांगणार, नागपुरातून कुठल्याही रस्त्याने बाहेर पडा, पळस दोन्ही अंगांनी उभाच आहे.

या दिवसांत बघण्यासारखं काय असतं? आम्हाला झाडांतलं काही कळत नाही.

कळायला हवंच असं नाही. एक काटेसावर शोधा आणि तिच्याखाली अर्धा तास बसा. ती ओळखायला सोपी. सरळसोट खोड, त्यावर जाड शंकूसारखे काटे, अंगावर एकही पान नाही, आणि उघड्या फांद्यांवर लालभडक, वाटीएवढाली फुलं. फूल खाली पडतं तेव्हा चक्क धप्प असा आवाज होतो, मुलं दचकतात. ते उचलून हातात घ्या. पाच जाड, मांसल पाकळ्या, हाताला रबरासारख्या लागतात. मध्ये पुंकेसरांचा दाट झुबका आणि तळाशी हिरवी, जाड वाटी. ताजं पडलेलं फूल तिरपं केलं तर तळातला मध चमकताना दिसतो. त्यात हमखास दोन-चार मुंग्या असतात.

आता वर बघा. त्या मधासाठी झाडावर सकाळी बाजार भरलेला असतो. बुलबुल, कोतवाल, साळुंक्या, कावळे, खारी, शेंड्याला वानरं. आणि नशीब असेल तर भोरड्यांचा थवा. अंग गुलाबी, डोकं-पंख काळे. ही पाखरं मध्य आशिया आणि पूर्व युरोपाकडून हिवाळ्यात आपल्याकडे येतात आणि एप्रिलात परत जातात. म्हणजे तुम्ही त्यांना निघण्याआधीची शिदोरी बांधताना पाहत असता. जवळच कुठेतरी तांबट एका सुरात टुक-टुक करत असतो. तो दिसायला अवघड, हिरव्या पानांत हिरवा. मुलांना शोधायला लावा.

पळसाचं फूल वेगळं. त्याचा देठाकडचा पेला काळसर आणि मखमली, बोटाने कुरवाळावासा वाटणारा. पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वाकडी आणि केशरी. पळसालाही आता पानं नसतात. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण मुलांना दाखवून द्यायची असेल तर मे महिन्यात पुन्हा यावं लागेल. पांगाऱ्याची फुलं लाल, फांदीच्या टोकाला मुठीएवढ्या झुबक्यांत येतात. शिवाय पिंपळाची तांबूस कोवळी पानं आणि कोशिंबाची लालचुटूक पालवी चुकवू नका. लांबून बघणारा तिला फुलंच समजतो.

सतरंजी कुठल्या झाडाखाली अंथरायची?

पळस आणि काटेसावर घटकाभर बघायची, त्यांच्याखाली सतरंजी अंथरायची नाही. पानंच नाहीत तर सावली कुठली? सावलीला आंबा उत्तम. पण आधी खालच्या वाळक्या पानांवरून हात फिरवून बघा. मोहोरावर तुडतुडे असतील तर वरून चिकट थेंब गळत राहतात आणि सतरंजी, केस, डबे सगळं चिकटतं. बोटं चिकटली तर दुसरा आंबा शोधा. चिंचेची सावली विरळ, पण या दिवसांत पिकलेल्या चिंचा पडत असतात, त्यामुळे मुलं तिथून हलत नाहीत. वडावर फळं पिकली असतील तर पाखरांची गर्दी आणि त्यांची शिट, दोन्ही वरून येतात.

आणखी एक. फाल्गुनात सूर्य भर दुपारीही दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे सावली खोडाच्या उत्तरेला पडते आणि दुपारनंतर पूर्वेकडे सरकते. सकाळी आल्या आल्या खोडाच्या ईशान्येला अंथरलंत तर दर तासाला बिऱ्हाड हलवावं लागणार नाही.

आजी-आजोबांना नेणं जमेल का? गुडघे दुखतात, खाली बसवत नाही.

न्याच. एवढं ऊन-वारा त्यांना वर्षभर मिळत नाही, आणि झाडं-पाखरं-पिकं यांची माहिती घरात त्यांनाच असते. नातवंडांना विचारायला माणूस लागतं.

पाठ टेकता येणारी घडीची खुर्ची न्या, स्टूल नको. गाडी बसायच्या जागेच्या अगदी जवळ जाईल अशीच जागा निवडा. शौचालयाची सोय आधी विचारा. ती नसली की घरातल्या बायका पाणीच पीत नाहीत आणि संध्याकाळी डोकं धरून बसतात. ही गोष्ट पुरुष ठरवतात तेव्हा हमखास राहते. मधुमेह असेल तर जेवणाची वेळ घरच्यासारखीच ठेवा, सहल आहे म्हणून दोन वाजवू नका. सकाळच्या गोळ्या आणि दुपारच्या गोळ्या वेगवेगळ्या डबीत भरा. दम्याच्या माणसाने पंप खिशात ठेवावा. मोहोर, वाळलेलं गवत आणि मळणीची धूळ या तिन्हींनी या दिवसांत त्रास होतो.

चालायचा वेग आजीचा. बाकीच्यांनी तिच्याबरोबर चालायचं.

मुलं तासाभरात कंटाळतात आणि मोबाईल मागतात. काय करावं?

पहिला तास ती कुरकुरणारच. त्या तासात त्यांना कार्यक्रम देऊ नका. काठ्या, खडे, माती, वाळकी पानं एवढं पुरतं. मग मोठ्यांनी उठून खेळायला सुरुवात करावी. लगोरीला सात चपटे दगड आणि एक चेंडू लागतो, विटी-दांडूला दोन काठ्या. वडाच्या पारंब्या असतील तर सूरपारंब्या. नियम काकांना आठवत नसतील तर आजोबांना विचारा. डाव मोडतो, भांडणं होतात, पुन्हा लागतो. यात दोन तास कसे जातात कळत नाही.

जरा मोठ्या मुलांना एक झाड वाटून द्या. पंधरा मिनिटांत त्यावर कोण कोण आलं ते वहीत लिहायचं. नावं माहीत नसली तरी ‘काळा, शेपटी दुभंगलेली’ एवढं पुरे. घरी गेल्यावर तो कोतवाल निघतो.

डब्यात काय न्यावं?

जे दुपारपर्यंत टिकतं आणि हाताने खाता येतं. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची किंवा कारळाची चटणी, लोणचं, मिरचीचा ठेचा, कांदा. भाजी हवीच असेल तर कोरडी, पाण्याचा अंश नसलेली. दही घट्ट लावून मडक्यातच न्या आणि तिथे गेल्यावर भात कालवा. घरून कालवून नेलेला दहीभात दुपारी आंबतो. ओल्या नारळाची चटणी, पनीर, क्रीमची बिस्किटं, कापलेली फळं यांना या उन्हात रजा द्या. कलिंगड अख्खं न्या आणि तिथेच कापा.

मोसमाचं खाणं मात्र सोडू नका. हुरडा बहुतेक संपलेला असतो, पण हरभऱ्याचे डहाळे आणि गव्हाच्या ओंब्या मिळतात. शेतातच जाळावर धरलेले घाटे, वरून काळे आणि आतून हिरवेगार, राखेसकट चोळून फुंकर मारून तोंडात टाकायचे. त्याची चव बाजारातल्या सोललेल्या दाण्यांना नाही. विदर्भात मृग बहाराची संत्री याच दिवसांत उतरतात, काटोल-वरूडकडे जाणार असाल तर डब्यात फळ नेऊच नका, वाटेत घ्या. तिकडे रोडगे हा तर पूर्ण दिवसाचा बेत. कणकेचे थरांचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकून फोडायचे, तूप ओतायचं आणि वांग्याच्या भाजीशी, वरणाशी खायचे. रायगडात पोपटीचे शेवटचे दिवस असतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, जाडं मीठ आणि ओवा भरून, तोंड पाल्यानेच बंद करून, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंबही घालायचा नाही, पाल्याच्या वाफेवरच सगळं शिजतं.

प्यायला ताक आणि कोकम सरबत. मार्चमध्ये कैरी आली असेल तर पन्हं. पत्रावळी घरूनच न्या, कारण पळसाला आता पानं नाहीत.

पाणी किती लागतं?

माणशी दोन लिटर पिण्याचं, शिवाय हात धुवायचं वेगळं. लहान मुलांना तहान लागेपर्यंत थांबू नका, दर अर्ध्या तासाला घोट-घोट द्या. कुणाचं डोकं दुखायला लागलं, मळमळलं, किंवा मूल अचानक गप्प होऊन पडून राहिलं, तर सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, ओल्या पंच्याने अंग पुसा, मीठ-साखरेचं पाणी द्या. बरळायला लागलं किंवा शुद्ध हरपू लागली तर तोंडाने काही न देता थेट दवाखाना.

शेतात किंवा रानात चूल पेटवली तर चालेल का?

वनखात्याच्या जमिनीवर मुळीच नाही. राखीव वनात आग लावणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी उत्तर हेच असतं. या दिवसांत डोंगरउतारावरचं गवत गुडघाभर वाळलेलं असतं. दुपारी वारा वर चढणारा. एक ठिणगी पडली की आग माणसाच्या धावण्यापेक्षा लवकर उतार चढते. वणव्यात मोठी झाडं तगतात, पण जमिनीवर घरटं करणारे चंडोल, तितर, ससे, सरडे, आणि पावसाळ्यात उगवायची वाट बघणारं बी, हे सगळं जळतं. ‘गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं येतं’ असं अजूनही लोक बोलतात. तसं बोलणाऱ्याला जळालेल्या डोंगराची पहिल्या पावसातली वाहून जाणारी माती दाखवावी.

शेतात, मालकाला विचारून, नांगरलेल्या उघड्या जमिनीवर चूल करता येते. भोवती दोन-तीन हात गवत-पाचट काढा, पाण्याची भरलेली बादली शेजारी ठेवा, वारा सुटला तर विझवा. निघताना निखाऱ्यांवर पाणी ओतून, काठीने उकरून, पुन्हा पाणी ओता. हात ठेवून गार लागलं पाहिजे. नुसती माती टाकली तर आत धग राहते. कुठे वणवा दिसला तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक फिरवा. सिगारेट ओढणाऱ्या पाहुण्यालाही हे सगळं लागू आहे, भीड बाळगू नका.

मधमाश्यांची भीती वाटते. गडावर हल्ला झाल्याच्या बातम्या येतात.

भीती रास्त आहे. फुलोऱ्याच्या या काळात आग्या मोहोळं मोठी झालेली असतात. कातळाच्या कपारीत, पुलाखाली, उंच झाडावर, जुन्या वाड्याच्या कमानीत काळपट अर्धगोल पोळं लटकलेलं दिसलं की तिथे बसायचं नाही, त्याच्याखालून मोठ्याने बोलत जायचंही नाही. त्या आपणहून क्वचितच येतात. धूर, उग्र अत्तर, फटाके, दगड मारणं, घारीने किंवा मधुबाजाने पोळ्यावर मारलेली झेप, यांपैकी काहीतरी कारण असतं. म्हणून त्या दिवशी अंगाला वासाचं काही लावू नका, आणि मुलांना दगड मारायचा नाही हे घरूनच बजावून ठेवा.

हल्ला झालाच तर जागीच बसून राहणं किंवा हात झटकणं, दोन्ही चुकीचं. मूल उचला, ओढणी किंवा शर्टाने तोंड झाका आणि पळा. गाडीत किंवा घरात शिरून दारं-काचा बंद करा. चावल्यावर काटा अंगात राहतो आणि त्याच्या वासाने बाकीच्या माश्या त्याच माणसाकडे येतात, म्हणून शंभर-दोनशे पावलांवर थांबून चालत नाही. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घोंघावत वाट बघतात. सुरक्षित जागी आल्यावर काटे नखाने किंवा पत्त्याच्या कडेने लगेच खरवडून काढा, गार पट्टी ठेवा. ओठ-जीभ सुजली, दम लागला, अंगावर गांधी उठल्या, किंवा डंख खूप असले, तर १०८ ला फोन करा. लहान मूल आणि म्हातारं माणूस असेल तर वाट न बघता दवाखाना.

आणि साप-विंचू?

दगड उचलू नका, बिळात काठी घालू नका, पाचटाच्या ढिगावर बसू नका, आणि पायात बूट असू द्या. घोणस वाळक्या पानांत पडली की डोळ्यांसमोर असून दिसत नाही. चावलं तर तो अवयव हलवू न देता माणसाला उचलून न्या. घट्ट बांधणं, चिरणं, चोखणं यांतलं काही करू नका. प्रतिसर्पविष सरकारी रुग्णालयात मिळतं. निघण्याआधी जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे आहे ते बघून ठेवा, एवढी तयारी पुरे.

धरणाच्या पाण्यात किंवा कालव्यात मुलांना उतरवावं का?

नाही. धरणाच्या काठावर पाणी आटत जाताना गाळ उघडा पडतो, वरून वाळलेला दिसतो आणि आत पाय रुततो. एका पावलावर गुडघाभर आणि पुढच्या पावलावर जुन्या नदीपात्राचा खोल खड्डा, असं होतं. कालवा त्याहून वाईट. उन्हाळी आवर्तन सोडलं की कोरड्या कालव्याला बघता बघता पाणी येतं, आणि अस्तर केलेल्या उतरत्या कडा शेवाळाने इतक्या निसरड्या असतात की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. भिजायची हौस असेल तर शेतातल्या पंपाच्या पाटात बसवा. पाणी पोटरीभर असतं, आणि मजा कमी होत नाही.

अनोळखी शेताजवळ थांबलो तर काय पाळावं?

आधी हाक मारून विचारावं. ‘दादा, जरा सावलीला बसू का? कचरा नाही करणार.’ नाही म्हणणारा शेतकरी विरळा. उलट थोड्या वेळाने तो स्वतःच हातात डहाळे घेऊन येतो. पण हे दिवस त्याच्या घाईचे. ज्वारीची काढणी, हरभऱ्याची मळणी, गहू कापणीला आलेला, ऊस तोडणीला असेल तर ट्रॅक्टरची ये-जा. त्यामुळे पाणंदीत गाडी आडवी लावू नका, उभ्या पिकात फोटोसाठी शिरू नका, आणि विहिरीवर मुलांना एकटं सोडू नका. जेवायला बसलात की त्यालाही बोलवा, घरच्या मंडळींसकट. बहुतेकदा त्यांच्याकडची भाकरी-आमटी आणि तुमची दशमी-चटणी यांची देवघेव होते आणि दोन्ही घरांची मुलं तोवर एकत्र खेळायला लागलेली असतात. भाजी, डहाळे, कैऱ्या विकत घेणार असाल तर घासाघीस करू नका.

दिवसभर थांबावं की दुपारीच परतावं?

सावली आणि शौचालय असेल तर थांबा, जेवून सगळ्यांनी तासभर आडवं व्हा आणि चारनंतर निघा. दोन्हींपैकी एक नसेल तर साडेअकराला आवरतं घ्या. उघड्या माळावर दुपार काढण्यात काही शौर्य नाही. रविवारी संध्याकाळी शहराकडे येणाऱ्या रस्त्यांवर गर्दी होते, जमलं तर शनिवार निवडा. निघण्यापूर्वी मुलांचे कान, मान आणि काखा बघून घ्या. गुरं बसतात त्या जागी गोचीड असतात.

होळीच्या आठवड्यात गेलं तर?

होळीचा आणि धुळवडीचा दिवस प्रवासाला टाळा, रस्त्यावर धुंद होऊन गाड्या चालवणारे असतात. कोकणात गाव असेल तर मात्र शिमग्याला जाच. पालखी दारात येते, दिवसभर बाहेरच असायचं असतं, आणि वेगळ्या सहलीची गरज उरत नाही.

पळसाची फुलं घरी आणून रंग करता येतो का?

येतो, आणि रंगपंचमीला लहान मुलांसाठी याहून चांगला रंग नाही. झाडावरची फुलं तोडू नका, पाखरांचा तो चारा आहे. खाली पडलेली, न चिखललेली वेचा. अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून काहीच आणायचं नाही, पडलेलं फूलही नाही. रस्त्याकडेला आणि बांधांवर भरपूर मिळतात.

घरी आल्यावर काळे पेले काढून टाका आणि पाकळ्या सावलीत पसरून दोन दिवस वाळवा, म्हणजे रंगपंचमीपर्यंत टिकतात. ओल्याच पिशवीत बांधून ठेवल्या तर बुरशी येते. आदल्या रात्री मोठ्या पातेल्यात पाकळ्या बुडतील एवढं पाणी घेऊन एक उकळी द्या आणि झाकून ठेवा. सकाळी फडक्यातून गाळा, नाहीतर पिचकारीचं तोंड तुंबतं. केशरी-पिवळं पाणी तयार होतं. गडद हवं असेल तर फुलं जास्त घ्या, पाणी कमी. गाळलेलं पाणी त्याच दिवशी वापरून संपवा, आणि उरलेला चोथा कुंड्यांना घाला.